घरचं केक मिक्स : डब्यात काय भरायचं आणि ऐन वेळी काय घालायचं

शेतावरची सून

आर्वीपासून आत आमचं गाव. गावच्या किराण्यात मैदा, साखर, दूध पावडरच्या पुड्या, बेकिंग पावडरची डबी, खायचा सोडा, इसेन्सची बाटली, सगळं मिळतं. केकचं तयार पाकीट मात्र क्वचितच असतं, आणि असलंच तर त्याची तारीख उलटत आलेली असते. लेकरांचे वाढदिवस काही तालुक्याच्या बाजाराचा दिवस पाहून येत नाहीत. म्हणून मी कोरडं मिक्स घरीच करून ठेवते. बचत गटातल्या बायका सारखं प्रमाण विचारतात, तर एकदा नीट लिहून ठेवते. तुमच्याकडे काय वेगळं करतात तेही लिहा, खास करून पावसाळ्यात कसं टिकवता ते.

एका खेपेला मी अर्धा किलो मैदा घेते. त्याला 400 ग्रॅम साखर, मिक्सरमधून बारीक काढलेली. साखर दळतानाच तिच्यात दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर टाकायचं. त्यानं पिठीसाखरेचे खडे होत नाहीत आणि मैद्याचा चिवटपणाही थोडा मोडतो. मग 100 ग्रॅम दूध पावडर, सपाट पाच छोटे चमचे बेकिंग पावडर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. डब्यात एवढंच. सोडा नाही, इसेन्स नाही, तूप-तेल नाही.

मिसळण्यात घाई करू नका. बेकिंग पावडर मैद्याच्या ढिगावर टाकून नुसता हात फिरवला तर ती जागोजागी साचते आणि केक एकीकडे फुगतो, दुसरीकडे दडस राहतो. ती आधी वाटीभर मैद्यात कालवायची, मग तो मैदा सगळ्यात मिसळायचा आणि तीनदा चाळायचं. पहिल्या चाळणीला वर पिवळसर बारीक गाठी उरतात. कोंडा समजून त्या फेकू नका, ती दूध पावडर असते. बोटानं दाबली की उतरते. दुसऱ्या चाळणीला गाठी अगदी थोड्या राहतात, तिसऱ्याला पीठ कापसासारखं हलकं पडतं.

केकच्या दिवशी या मिक्सचे सारखे चार भाग करून एक भाग घ्यायचा, साधारण 260 ग्रॅम भरतो. त्यात दोन चिमटी सोडा चाळायचा. दुसऱ्या भांड्यात 120 मिली दूध, चार मोठे चमचे आंबट दही, 60 मिली तेल आणि अर्धा छोटा चमचा व्हॅनिला. ओलं कोरड्यात ओतलं की एकाच दिशेनं अलगद हलवायचं, पीठ दिसेनासं झालं की हात थांबवायचा. फार फेटलं तर मैद्याला ताण येतो, केक चिवट होतो. मिश्रण तसंच ठेवून मग कुकर शोधायला जाऊ नका. आधी कुकर तापायला ठेवा, मग ओलं-कोरडं एकत्र करा.

तेल आमच्याकडे सोयाबीनचं. त्याला वास नाही. फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं, घाण्याचं तेल भाजीला उत्तम, पण केकमध्ये व्हॅनिलाला दाबून टाकतं.

---

अकोटकर

ताई, लय कामाचं लिवलं. पण मले एक सांगा, सोडा डब्यातच टाकून ठेवला त काय होते? माह्या बहिनीकडे सगळं एकाच डब्यात असते, फक्त दूध टाकलं का झालं. ऐन टायमाले सोडा अन् दही शोधत बसाचं म्हणलं त मिक्सचा फायदा काय?

---

मास्तर_दारव्हा

अकोटकर, प्रश्न बरोबर जागी विचारला. मी शाळेत विज्ञान शिकवतो, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

खायचा सोडा हा एकटा फारसं काही करत नाही. त्याला आंबट भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि त्या बुडबुड्यांनी केक फुगतो. बेकिंग पावडरमध्ये सोडा, कोरडं आम्ल आणि स्टार्च हे तिन्ही आधीच मापात असतात, म्हणून तिला दही लागत नाही. बाजारात मिळणारी बहुतेक बेकिंग पावडर दोनदा काम करते, थोडी ओली झाल्यावर आणि उरलेली तापल्यावर. मिश्रण पाच मिनिटं थांबलं तरी केक पार बसत नाही तो यामुळेच.

आता सोडा किती घालायचा हे त्या दिवशी आंबट किती आहे त्यावर ठरतं. चार चमचे दह्यातलं आम्ल जेमतेम अर्धा-पाऊण ग्रॅम सोडा खातं. ताईंच्या दोन चिमटी म्हणजे तेवढाच. त्यापेक्षा जास्त पडला तर उरलेला सोडा केकमध्ये तसाच राहतो, केक पिवळट-तपकिरी दिसतो आणि खाताना साबणासारखी चव येते. दही गोड असेल तर दोन चिमटीही जास्त होतात, मग वरून अर्धा चमचा लिंबाचा रस पिळावा. डब्यात सोडा ठेवला की हे हातात राहत नाही. बहिणीला नुसतं दूधच घालायचं असेल तर तिनं सोडा मुळीच टाकू नये, बेकिंग पावडर पुरेशी आहे.

दोन्ही पारखून घेणं सोपं आहे. सोड्यावर लिंबू पिळा, बेकिंग पावडरवर गरम पाणी ओता. जोरात फसफसलं तर ताजं. नुसते चार बुडबुडे आले तर ती डबी भांडी घासायला काढा. तयार मिक्स जुनं झालं असेल तर तेही चमचाभर गरम पाण्यात टाकून पाहता येतं, वर बारीक फेस यायला हवा.

---

अकोटकर

आता समजलं. बहिनीच्या केकले कधी कधी कडसर चव काऊन येते, ते बी समजलं. आजच फोन करतो तिले.

---

नागपुरी_तडका

मास्तर, फ्रूट सॉल्टबद्दलही सांगा ना. आमच्या वाड्यातल्या वहिनी ती पुडीच डब्यात फोडून ठेवून राहिल्या. म्हणतात, ढोकळा फुगतो तर केक काऊन नाही फुगणार?

---

मास्तर_दारव्हा

फुगतो, नाही असं नाही. त्यातही सोडा आणि सायट्रिक आम्लच असतं. पण ते ओलं लागल्याबरोबर एका दमात सगळं उडून जातं, गॅसवर ठेवल्यावर पुन्हा फुगायला काही उरत नाही. ढोकळ्याचं पीठ लगेच वाफेवर जातं म्हणून तिथं चालतं. डब्यात तर ठेवूच नये. हवेतला ओलावा ओढून ते डब्यातच मरतं.

हाच हिशेब घरच्या लिंबूसत्त्वालाही लागू, तेही सायट्रिक आम्लच. बेकिंग पावडर संपली आणि दुकान लांब असेल तर वजनानं चार भाग सोडा आणि तीन भाग लिंबूसत्त्व हे जवळजवळ पूर्ण जुळतं, कुणी उरत नाही. पण ते त्या दिवशीच मिसळा, मिश्रण ओलं झालं की लगेच भांडं गरम कुकरमध्ये ठेवा, आणि मग दही घालू नका.

---

मुक्ता_पुसद

माझा प्रश्न कणकेचा आहे. घरी सासूबाईंना मैदा चालत नाही. कणकेचं असं मिक्स करून ठेवता येतं का? मी गव्हाचा केक करते तेव्हा तो खाली बसका आणि कोरडा लागतो.

---

शेतावरची सून

मुक्ता, येतं, पण दोन गोष्टी बदलतात.

पहिली, पाणी. चक्कीच्या दगडातून निघालेली कणीक मैद्यापेक्षा जास्त ओलावा पिते, कोंडाही पितो. माझ्या मापाला तीन-चार मोठे चमचे दूध जास्त घाल आणि मिश्रण दहा मिनिटं झाकून ठेव. कोंड्याला भिजायला वेळ मिळाला की केक कोरडा लागत नाही. सोडा मात्र या दहा मिनिटांनंतर, अगदी शेवटी, चमचाभर दुधात कालवून घाल. तोपर्यंत बेकिंग पावडरनं थोडं काम केलेलं असतंच, म्हणून कणकेला ती चिमूटभर जास्त.

दुसरी, गहू. लोकवनची कणीक केकला मऊ पडते. बन्सी हा कडक गहू, त्याचा रवा आणि शेवया चांगल्या, केक जड होतो. आमच्याकडे चक्कीवाले दादा सांगितलं तर केकपुरतं बारीक दळून देतात, मग मैद्याच्या चाळणीनं चाळून कोंडा काढायचा. ज्वारीचं पीठ घालायचं असेल तर एकूण पिठाच्या चौथाईपर्यंत. त्यात चिकटपणा नसतो, जास्त झालं तर केक कापताना भुगा होतो.

आणि कणकेचं मिक्स मैद्याइतकं टिकत नाही. गव्हाच्या अंकुराचं तेल कणकेत असतं, ते उन्हाळ्यात लवकर खवट होतं. थोडंच कर, महिन्याभरात संपव. वर्ध्याचा गोरस पाक खाल्लाय ना? तूप आणि कणकेची चव एकमेकींना किती धार्जिणी आहे ते त्यात कळतं. कणकेच्या केकला तेलाऐवजी पातळ केलेलं तूप घालून बघ, सासूबाई स्वतःहून मागतील.

---

वरुडची_संत्री

आमच्या भागात संत्र्याचा केक झालाच पाहिजे, म्हणून माझी भर.

संत्रं सोलायच्या आधी धुऊन, पुसून, बारीक किसणीवर फक्त वरची केशरी साल किसायची. पांढरा भाग आला की कडू. आमचं नागपुरी संत्रं सैल सालीचं, किसणीवर दाब दिला की साल आत दबते आणि पांढरंही सोबत येतं. त्यामुळे संत्रं फिरवत, हात हलका ठेवूनच किसावं लागतं. हा कीस सावलीत ताटावर पसरून खडखडीत वाळवायचा. उन्हात ठेवला तर रंग आणि वास दोन्ही उडतात. वाळला की दोन चमचे साखरेबरोबर दळून मिक्सच्या डब्यात. एका केकच्या भागाला एक छोटा चमचा पुरे.

केकच्या दिवशी दूध-दही दोन्ही बाजूला ठेवून 160 मिली ताजा रस. मिक्समध्ये दूध पावडर आहेच, त्यामुळे चव पाणचट होत नाही. रस चांगला आंबट असतो, म्हणून सोडा पाव छोटा चमचा चालतो. आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या आसपास येतात, मृगाची उन्हाळ्याच्या तोंडावर. मला मृगाच्या फळाचा केक जास्त आवडतो. फळ बाजारात नसतं तेव्हा डब्यातल्या सालीवर भागवायचं.

गावात व्यापारी बारका माल बाजूला काढतात, तो अगदी कमी दरानं जातो. केकला तोच घ्या. फळ लहान असलं म्हणून रसाला काही कमीपणा नसतो, आणि पैसे शेतकऱ्याच्या हातात थेट जातात.

---

अकोटकर

ओव्हन नाही आमच्याकडे. कुकरात मीठ टाकून करतात ते ठीक हाय का? कुकर खराब होते म्हणतात.

---

शेतावरची सून

कुकर कोरडा तापवणं त्याच्यासाठी चांगलं नाहीच. त्यात तापलेलं मीठ ॲल्युमिनियमला खातं, बुडाला बारीक खड्डे पडतात. रोजच्या डाळभाताचा कुकर यासाठी वापरू नका. घरात जुना, झाकण सैल झालेला कुकर असतोच, तो केकला ठेवा. नाहीतर जाड बुडाचा गंज, म्हणजे पातेलं, आणि त्यावर घट्ट बसणारी परात. मिठाऐवजी धुऊन वाळवलेली नदीची बारीक रेती दोन बोटं पसरायची, तीच पुन्हा पुन्हा वापरता येते.

कुकर असेल तर शिट्टी आणि रबर दोन्ही काढायचे, पाणी थेंबभर नाही. रेतीवर रिंग, मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवायचं. केकचं भांडं सहा-सात इंची, तूप लावून वरून मैदा भुरभुरलेलं, आणि अर्ध्याच्या वर कधीच भरायचं नाही. भांडं आत गेलं की आच बारीक. पहिली तीस मिनिटं झाकण उघडायचं नाही. थंड हवा लागली की अर्धवट शिजलेला मधला भाग खाली बसतो, आणि बहुतेकींचे केक मधून खोलगट होतात ते यानंच. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी सुरी घालून बघायची. ओलं पीठ चिकटलं तर अजून पाच मिनिटं. कडेनं केक भांड्यापासून सुटलेला दिसला आणि वर बोटानं दाबल्यावर परत वर आला की झाला.

सिलिंडर संपत आला असेल आणि ज्योत कमी-जास्त होत असेल तर त्या दिवशी केकच्या वाटेला जाऊ नका.

---

गोंडपिंपरीची_माई

मुलींनो, आम्ही चुलीवर करतो. पऱ्हाटी आणि तुराट्या केकला कामाच्या नाहीत, भडकतात आणि विझतात. गोवऱ्या पेटवून धूर सरू द्यायचा, आणि राखेखाली लाल निखारा उरला की त्यावर गंज. रोडग्याला जशी सम आर लागते तशीच इथेही. झाकण म्हणून लोखंडी तवा, आणि तव्यावर चार निखारे. वरून आच नसली तर केकचा माथा पांढराफटक राहतो.

आता माझी वस्तू. आमच्याकडे मोहफुलं वाळवून ठेवलेली असतात. चैत्रात वेचलेली, कडक उन्हात वाळवून चोळून आतले केसर काढलेली. मूठभर फुलं कोमट पाण्यात भिजवून, पिळून, तुपावर परतायची आणि बारीक चिरायची. मनुक्यांची गरजच नाही. फुलं मुळातच गोड असतात, म्हणून मिक्समध्ये साखर थोडी कमी केली तरी चालते. वास ज्यांना सवयीचा नाही त्यांनी आधी थोडी घालून बघावी. आमच्या घरी लेकरं केकमधून फुलंच वेचून खातात.

---

मुक्ता_पुसद

माई, किती छान! मोहफुलांचा केक पहिल्यांदाच ऐकला. माझ्या मामेबहिणीचं सासर गडचिरोलीकडे आहे, तिला पाठवायला सांगते.

ताई, गुळाचं काय? साखरेऐवजी डब्यात गूळ पावडर घातली तर?

---

शेतावरची सून

डब्यात नको गं. गूळ हवेतलं पाणी ओढतो. श्रावणात तर आठवड्यात सगळ्या मिक्सचा गोळा होईल, आणि त्या ओलाव्यानं बेकिंग पावडरही आतल्या आत संपेल. गुळाचा करायचा तर मिक्स साखरेशिवाय बांध, आणि केकच्या दिवशी 100 ग्रॅम गूळ 120 मिली कोमट पाण्यात विरघळवून गाळून घाल. गाळायचं विसरू नको, गुळात उसाचा कचरा, बारीक खडे असतात. गरम दुधात मात्र गूळ टाकू नको, दूध फाटतं. पाणीच चांगलं, दूध पावडर आतच आहे.

---

नागपुरी_तडका

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर टिकवायचं कसं ते सांगा. दूध पावडर आणि मैदा, दोन्हीला टोके लागून राहिले आमच्याकडे.

---

शेतावरची सून

मी मोठा साठा मे महिन्यातच बांधते. सरगुंडे, कुरड्या, पापड चालू असतातच, त्याच वाळवणात स्वच्छ कापडावर मैदा पातळ पसरून दोन कडक उन्हं देते. मैदा पार थंड झाल्याशिवाय मात्र काही मिसळायचं नाही. कोमट पीठ डब्यात भरलं तर आतून घाम सुटतो, आणि बेकिंग पावडरला तेवढा घाम पुरे होतो. दूध पावडर उन्हात ठेवायची नाही, तिच्यात स्निग्धांश असतो.

साठवायचं ते एका मोठ्या डब्यात नाही. एका केकचा एक भाग, अशा जाड पिशव्या बांधून त्या स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात. डबा रोज उघडला की प्रत्येक वेळी दमट हवा आत जाते, पिशव्या असल्या की एकच फुटते. पिशवीवर बांधल्याची तारीख लिहून ठेवायची. फ्रीज असेल तर बांधल्यावर चार दिवस बर्फाच्या कप्प्यात ठेवा, अंडी मरतात, टोके होत नाहीत. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, खोलीच्या उष्णतेला येऊ द्या, नाहीतर पिठाला पाणी सुटतं. मैद्याचं मिक्स मी दोन महिन्यांवर ठेवत नाही. पावसात त्याहून लवकर संपवते.

तूप-तेल घालून ठेवू नका असं वर लिहिलं तेही यासाठीच. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे जातो. पिठात मुरलेलं तेल त्या उष्णतेत खवटतं, आणि खवट वास केकमधून काही केल्या जात नाही.

---

वरुडची_संत्री

चॉकलेटचा करताना कोको डब्यात घालता का?

---

शेतावरची सून

घालता येतो, कोको कोरडाच असतो. पण मी ऐन वेळी घालते, म्हणजे एकाच मिक्सचे दोन्ही केक होतात. एका भागाला दोन मोठे चमचे कोको, तितकंच दूध जास्त, आणि चिमूटभर कॉफी. कॉफीची चव लागत नाही, कोकोची वाढते.

---

अकोटकर

ताई, शेवटचं. गटातल्या बाया हे मिक्स पुड्या बांधून विकतो म्हणतात. चालते का?

---

मास्तर_दारव्हा

विकायचं तर आधी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करावी लागते, घरगुती आणि लहान धंद्यालाही. अर्ज ऑनलाइन होतो, सेतू केंद्रावर भरून देतात. पुडीवर घटक, वजन, बांधल्याची तारीख आणि नोंदणी क्रमांक छापायचा. घटकांत गहू आणि दूध ठळक लिहा, काहींना त्यांचा त्रास होतो. आणि पुडीच्या मागे सोडा, दही, तेल किती घालायचं तेही लिहा, कारण केक बिघडला तर लोक पुडीलाच नावं ठेवतील.

---

शेतावरची सून

मास्तरांनी सांगितलं ते गटात वाचून दाखवते. अकोटकर दादा, बायांना सांगा, विकायच्या आधी प्रत्येक खेपेतली एक पुडी घरी करून बघा. मैदा बदलला की दुधाचं प्रमाण दोन-तीन चमच्यांनी इकडे-तिकडे होतं. मिश्रण चमच्यावरून सावकाश, सलग धारेनं पडलं पाहिजे. थबकन गोळा पडला तर दूध कमी, पाण्यासारखं वाहिलं तर जास्त.

माई, मोहफुलं चिरल्यावर चमचाभर कोरड्या मिक्समध्ये घोळवून घालता का? तसं केलं तर ती तळाला बसत नाहीत.

---

गोंडपिंपरीची_माई

घोळवूनच घालते. आणि निम्मीच आत, बाकीची वरून पेरते.